साक्षीदार सासू

सुनेनं माझ्या मुलाविरुद्ध कोर्टात कौटुंबिक हिंसाचाराचा जो अर्ज केलाय, त्यात साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. ही गोष्ट फुटल्यापासून लोकांचे दोन गट पडलेत. एक समोर आले की रस्ता बदलणारे, आणि दुसरे संध्याकाळी हळूच फोन करून "बाई, नेमकं जायचं कुठं असतं हो?" असं विचारणारे. दुसऱ्या गटातल्या बायका मला वाटलं होतं त्याहून बऱ्याच निघाल्या. प्रत्येकीला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. नाव कुणाचंच देत नाही, माझंही नाही.

मुलगा-सून पुण्याला असायचे. त्याची नोकरी गेली तसं बिऱ्हाड साताऱ्याला माझ्या घरी आलं. सून इथल्या एका पतसंस्थेत लागली. मारहाण पुण्यापासूनची होती. माझ्या डोळ्यांदेखत आली ती इथं. एका रात्री त्यानं तिचा हात पिरगाळला आणि नात बाथरूमला आतून कडी लावून बसली. मी ११२ फिरवला. पोलीस आले, त्याला समज दिली, गेले. सकाळी आम्ही दोघी तक्रार द्यायला गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, "मावशी, घरातलं घरात मिटवा की. तुमचाच पोरगा आहे ना?"

"माझाच आहे, म्हणून तर मी आलेय," म्हटलं. मग त्यांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. प्रत मागून घ्यावी लागली. ती मागाच, पुढं कामाला येते.

तिथून सिव्हिलला गेलो. केसपेपरच्या खिडकीवर सुनेनं सवयीनं "पडले" असंच सांगितलं. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनं हाताकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि म्हणाली, "ताई, पडल्यावर बोटांचे वळ उठत नाहीत. खरं सांगा, डॉक्टर एमएलसी लिहितील." एमएलसी म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी डॉक्टरांची नोंद. तसं लिहून घेतलं. पोलिसांत आधी जायला हवं होतं की दवाखान्यात, असं बायका विचारतात. कुठंही आधी जा, पण अंगावरची खूण दिसतेय तोवर डॉक्टरांच्या कागदावर येऊ दे.

१८१ हा महिलांचा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो. तिथल्या मुलीनं जिल्हा विचारला आणि सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता दिला. ही केंद्र सरकारची योजना २०१५ पासूनची, जिल्ह्याच्या ठिकाणी असते. समुपदेशन, पोलीस, डॉक्टर, वकील या सगळ्यांशी गाठ तिथून घालून देतात, आणि घरी परत जाणं धोक्याचं असेल तर बाईला लेकरासकट काही दिवस राहताही येतं. आम्हाला राहायची गरज नव्हती, घर माझ्या नावावर आहे. पण माहेर लांब असलेल्या बाईला हे आधी ठाऊक असलेलं बरं.

सेंटरवरच्या समुपदेशक बाईंनी मला बाहेर बसवलं. "काकू, तुम्ही इथंच थांबा, आधी ताईंशी एकटीशी बोलते." इतकी वर्षं शाळेत मी दुसऱ्यांना बाहेर बसवलं, त्यामुळं जरा टोचलं. पण बरोबरच होतं ते. नवऱ्याची आई शेजारी बसलेली असताना कुठली बाई मोकळं बोलेल? पाऊण-एक तासानं सून बाहेर आली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिच्या पगाराचं एटीएम कार्डसुद्धा त्याच्याकडं होतं आणि लग्नातले दागिने त्यानं गहाण टाकले होते.

हे दोन्ही छळातच धरतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार आहेत. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकारी मॅडम जो घरगुती घटनेचा अहवाल भरून घेतात (सगळे त्याला डीआयआर म्हणतात) त्यात प्रत्येकाचे वेगळे रकाने असतात. मॅडम एकेक वाचत होत्या: टोमणे, हुंडा, घरखर्चाला पैसे न देणं, पगार काढून घेणं. सून आधी नुसती मान हलवत होती. दागिन्यांच्या रकान्याला आली आणि घडाघडा बोलायला लागली: पाटल्या, मंगळसूत्र, तिच्या आजीची ठुशी. मॅडमनी पेन थांबवून "सावकाश सांगा, सगळं लिहिते," म्हटलं.

आणखी एक मला तिथंच समजलं. अशी माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं. शेजारीण, शिक्षिका, अगदी सासूसुद्धा. चांगल्या हेतूनं दिली तर देणाऱ्यावर काही बालंट येत नाही. पुढं अर्ज करायचा की नाही ते मात्र जिला त्रास होतो त्या बाईनं ठरवायचं. मी तर तडक गुन्हाच नोंदवा म्हणत होते. सासरच्या छळाचं कलम, पूर्वीचं चारशे अठ्ठ्याण्णव अ, आता भारतीय न्याय संहितेतलं कलम ८५. सून म्हणाली, "आई, मला त्याला तुरुंगात नाही घालायचं. मला त्याला घरात नकोय." गुन्हा आणि अर्ज, दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, आणि एक धरली म्हणून दुसरी बंद होत नाही.

वकिलाचा खर्च हा सगळ्यांचा पुढचा प्रश्न. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथं बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. सून नोकरीला आहे म्हणून नाही म्हणतील असं वाटलं होतं. कुणी पगाराचं विचारलंही नाही. घराबाहेर पडणं जमत नसेल तर १५१०० वर फोन करता येतो.

वकीलबाई तरुण होत्या, पण पक्क्या. भावकीतल्या एका शहाण्यानं मला भरवलं होतं, "तुमचंही नाव घालतील बघा, सासूला सोडत नाहीत." मी ते तसंच विचारलं. त्या हसल्या. २०१६ पासून बायकांवरही असा अर्ज होऊ शकतो हे खरं, पण ज्यानं त्रास दिला त्याच्यावर, नात्यावर नाही. मग घराचं. माझ्या नावावरच्या घरात सुनेचा हक्क कसा, हे मुलानंच विचारलं होतं. २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा सुनेचं सामायिक घर, म्हणजे तिला राहायचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं. नवऱ्याला बाहेर काढण्याचा आदेश मागता येतो, आणि इथं तर घरमालकीणच अर्जदाराच्या बाजूनं.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला म्हणाल तर नोटीस बजावण्यात. मुलगा कधी मित्राकडं, कधी पुण्याला. त्याच्या राहण्याच्या तीन जागा शेवटी मीच लिहून दिल्या. लिहिताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू. त्यानंतर अंतरिम आदेश झाला: घरात यायचं नाही, पतसंस्थेपाशी फिरकायचं नाही, नातीच्या खर्चाला दरमहा रक्कम. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत सुनेच्या पर्समध्ये असते आणि एक माझ्या.

दारूचं विचारणाऱ्याही असतात. साताऱ्यात परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, मी तिथला पत्ता मुलाला पाठवलाय. जायचं की नाही हे त्याचं तो बघेल. पण सेंटरवरच्या समुपदेशक बाईंनी बजावून सांगितलं होतं, की दारू सुटली म्हणजे हात उगारणं सुटेल हे गृहीत धरू नका. तो नोकरीतल्या साहेबापुढं कधी हात उगारत नव्हता, दारू पिऊनसुद्धा. हे मला पटलं.

सरकारी दाराशी एकटीनं जायची भीती वाटत असेल, तर संस्थांकडं आधी जा. बायकांच्या प्रश्नावर ॲड. वर्षा देशपांडे यांचं दलित महिला विकास मंडळ साताऱ्यात कित्येक वर्षं काम करतंय. गर्भलिंगनिदानाविरुद्धचं लेक लाडकी अभियान त्यांचंच.

नातीसाठी वेगळं बोलणं करावं लागलं. ती शाळेतून आल्यावर दप्तर काढायचीच नाही, पाठीवर घेऊनच जेवायला बसायची. समुपदेशक बाईंनी तिच्यासमोर केसचं बोलू नका एवढंच सांगितलं आणि तिच्याकडून चित्रं काढून घेतली. हल्ली दप्तर कोपऱ्यात फेकते आणि ओरडून खायला मागते. लहान मुलालाच कुणी त्रास देत असेल तर त्याचा नंबर वेगळा, १०९८.

आता दागिन्यांचं राहिलंय. ते स्त्रीधन आहे, परत मागायचा अर्ज आधीच केलाय, पण गहाण कुठं आणि कितीला ठेवले याचे कागद हवेत. लग्नाच्या अल्बममधून आम्ही एकेक दागिना ओळखून यादी केली. ठुशीचा नीट फोटो मिळेना, तो तिच्या मावशीकडच्या अल्बममध्ये सापडला. पुढच्या तारखेला तेवढं दाखल करायचंय.