आमची वाटचाल: दोन घरांमधला रस्ता

बेळगावात घरी जाऊन पेशंटची सेवा करणाऱ्या बायका पुरवायचं काम मी २०११ साली सुरू केलं. त्याआधी बारा वर्षं एका खाजगी दवाखान्यात सिस्टर होते. पेशंटला डिस्चार्ज मिळायचा आणि नातेवाईक जिन्यात गाठून विचारायचे, "सिस्टर, घरी कोण बघणार हो यांचं? कुणीतरी बघून द्या की." असं बघून देता देताच हा धंदा उभा राहिला.

सोबत होत्या आक्का. आक्का त्याच दवाखान्यात वॉर्डात आयाबाई होत्या. शाळा चौथीपर्यंत, पण पेशंटची कूस बदलावी तर त्यांनीच. राहायला वडगावात, घर विणकरांचं. भांडवलाचे पैसे त्यांच्याकडे नव्हते. मी सांगितलं, पैसे माझे, हात तुमचे, वाटा निम्मा निम्मा. आजही तसाच आहे.

सुरुवातीचं सामान म्हणजे एक लांब जाड वही, एक लँडलाइन आणि दोन पिशव्या. पिशवीत काय असावं ते आक्कांनी ठरवलं, आणि आजही त्यात बदल नाही. रबरी मॅकिन्टॉश (गादी भिजू नये म्हणून घालायचं कापड), दोन ड्रॉशीट (कमरेखाली घालायच्या आडव्या चादरी), हातमोजे, नेलकटर, खोबरेल, टाल्कम पावडर, पट्ट्याचं बीपी मशीन, ग्लुकोमीटर आणि एक छोटी उशी. उशी टाचेखाली घालायला. ज्याला या कामातलं कळतं त्याला त्या उशीचं मोल सांगावं लागत नाही. टाच गादीवर टेकली की चार दिवसांत लाल होते आणि मग महिनाभर ड्रेसिंग.

२०१२ ते २०१८ धंदा सरळ चालला. पगार वेळेवर झाले, सतरा मुली कामाला आणि चाळीस घरं. घरटी एक तासाला मुलीला १२० रुपये द्यायचे, घरवाल्यांकडून १८० घ्यायचे. तासाला १२० देते हे मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगत होते.

मग २०१९ चा जून आला.

आमचे फोन घ्यायला एक मुलगा होता, साडेचार वर्षं होता. नाव घेणार नाही, पण राग गेलेला नाही. त्यानं आमच्या वहीचं पानन् पान मोबाइलवर फोटो काढून नेलं. पेशंटचं नाव, पत्ता, आजार, मुलगा पुण्यात की दुबईत, पैसे कोण देतो, सगळं. त्या पानांत माझं आणि आक्कांचं अक्षर होतं. महिन्याभरात त्यानं स्वतःचा ब्यूरो काढला. घरवाल्यांना १५० रुपयांत बाई आणि बायांना घरटी १३०. त्यात त्याचं काय सुटणार? काहीच नाही. त्याला आधी मला संपवायचं होतं. आठ दिवसांत अकरा मुली गेल्या आणि त्यांच्या मागून बावीस घरं गेली. ज्या घरातल्या अज्जींना मी स्वतः टाके काढून दिले होते, त्यांनीही फोनवर "बघू नंतर" म्हटलं.

उरलेल्या सहा मुलींचा पगार करायला माझ्या पाटल्या गहाण पडल्या. सोडवायला दोन वर्षं लागली. नवी मुलगी मिळेपर्यंत रिकाम्या घरांवर मी आणि आक्का स्वतः जायला लागलो. ऑगस्ट होता. जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही नद्या पात्राबाहेर, आणि बेळगावात पाऊस हटायला तयार नव्हता.

त्या फिरतीतला एक दिवस मी वहीत मिनिटांसकट लिहून ठेवला आहे. टिळकवाडीत ८ ते ९. मग वडगाव, ९.४० ते १०.४०. तिथून सीबीटीला, म्हणजे मुख्य बसस्टँडला आले, हिंडलग्याची बस नुकतीच सुटली होती, दुसरी येईपर्यंत बाकावर बसले. १२.०५ ला हिंडलगा, १.०५ ला बाहेर. सदाशिवनगरात १.४० ते २.४०. सीबीटीच्या बाकावर ओल्या साडीत डबा उघडला. लघवीला कुठे जावं कळेना. एका ओळखीच्या दुकानदाराच्या घरी गेले. मला ओळख होती. सीमेपलीकडच्या शिनोळीहून कामाला येणाऱ्या माझ्या मुलीला कुणाची ओळख?

रात्री हिशेब मांडला. चार घरं, चार तास, ४८० रुपये. पण पहिल्या दारात पाऊल ठेवल्यापासून शेवटच्या दारातून निघेपर्यंत सहा तास चाळीस मिनिटं गेली होती. दोन तास चाळीस मिनिटं नुसता रस्ता. तासाला पडले ७२ रुपये. आठ वर्षं मी १२०, १२० सांगत होते.

आक्कांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, आमच्या घरी माग होता. मजुरी साडीवर. पण बीम जोडायचं, तुटलेले तार सांधायचे, त्यात अख्खा दिवस जायचा, तो कोण मोजायचं? माग बंद असला तरी माझा बाप मागापाशीच बसलेला असायचा." एवढं बोलून त्या पिशवीतल्या ड्रॉशीटच्या घड्या घालायला लागल्या.

मुली दहा रुपयांसाठी गेल्या असं मला वाटत होतं. त्यातली एक बाजारात भेटली तेव्हा तिला सरळ विचारलं. म्हणाली, "मॅडम, तिकडं चारही घरं शहापुरातच दिलीत." म्हणजे त्या मुलानं आमच्या वहीतून पत्ते नेले आणि ते गल्लीवार लावले. मला आठ वर्षांत सुचलं नव्हतं. त्याची चोरी मी माफ केलेली नाही, पण हे त्याच्यामुळे कळलं हेही लिहून ठेवते.

आणखी एक गोष्ट लिहिणं भाग आहे. त्याच वर्षी आमच्या एका पेशंटला माकडहाडावर बेडसोर झाला, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम. मुलगी वाईट नव्हती. पुढची बस गाठायला ती रोज दहा-पंधरा मिनिटं लवकर निघायची, आणि त्या घाईत पाठ पुसणं, कूस बदलून उशी लावणं राहायचं. रस्त्याचा वेळ आम्ही तिच्या पदरातून घेत होतो, तो तिनं पेशंटच्या पाठीतून काढला. घरवाले आमच्यावर चिडले ते बरोबरच होतं. दोन महिने त्यांच्याकडे ड्रेसिंगला मी गेले, पैसे घेतले नाहीत.

माझी भाची इंग्लंडात हेच काम करते. तिला फोन केला. तिकडचा नियम तिनं सांगितला. एका पेशंटच्या घरून दुसऱ्याच्या घरी जायला लागणारा वेळ किमान वेतनाच्या हिशेबात कामाचा वेळ म्हणून धरावा लागतो. आपल्या घरून पहिल्या घरी जाणं आणि शेवटच्या घरून परत येणं तेवढं धरत नाहीत. २०१५ च्या तिथल्या किमान वेतनाच्या नियमांत हे लिहिलेलं आहे. तरीही न देणारे मालक तिकडेही आहेत, असं ती म्हणाली. अमेरिकेतही एजन्सीच्या होमकेअरवाल्यांना हे लागू झालं ते २०१५ सालीच. आपल्याकडे मला कुणी सक्ती केलेली नव्हती. पण नियम पटला, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून आम्ही तोच लावला. पहिलं दार ते शेवटचं दार, सगळा वेळ भरपगारी.

मी आधी रस्त्याला अर्धा दर देणार होते. आक्का ऐकेनात. "रस्त्यावर बाई अर्धी असते काय?" मग पूर्ण दर दिला.

त्यासाठी कार्ड छापून घेतलं, पोस्टकार्डाएवढं, जाड, पिवळं. आत शिरल्याची वेळ, निघाल्याची वेळ, घरवाल्यांची सही. खाली एक रकाना, 'वाटेत का थांबले'. त्यात फाटक, बस, पाऊस असं लिहायचं. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा 'फाटक' आलं. टिळकवाडीची रेल्वे फाटकं ज्यांनी अनुभवलीत त्यांना वेगळं सांगायला नको. मग भिंतीवर शहराचा नकाशा लावला, रंगीत टाचण्या टोचल्या आणि तीन पट्टे पाडले. हिंदवाडी, टिळकवाडी, अनगोळ एक. शहापूर, खासबाग, वडगाव दुसरा. कॅम्प, सदाशिवनगर, हनुमाननगर, हिंडलगा तिसरा. एका मुलीनं एकच पट्टा करायचा. दोन तास चाळीस मिनिटांचा रस्ता पन्नास मिनिटांवर आला. मिनिटाचे पैसे आपल्या खिशातून जायला लागले की मालकाला नकाशा नीट वाचता येतो.

घरवाल्यांचा दर २२५ केला. उरलेल्या अठरातली नऊ घरं त्या दिवशी गेली. "माझ्या घरात काम करते त्याचे पैसे देईन, रस्त्यावर फिरते त्याचे मी का देऊ?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की कोण कुठल्या सुरात बोललं तेही लक्षात आहे.

अनगोळचे मास्तर थांबले. मराठी शाळेतून निवृत्त झालेले, पत्नीला उजव्या अंगावरून वारं गेलेलं. पेन्शनीवर घर. मी दर सांगायला गेले तेव्हा ते काकूंना चमच्यानं पेज भरवत होते. चमचा खाली ठेवला नाही. म्हणाले, "सिस्टर, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना माझा पगार कधी कुणी कापला नाही." आणि हनुवटीवर ओघळलेली पेज पुसली. एवढंच बोलणं झालं. पुढे त्यांनी गल्लीतली तीन घरं आम्हाला जोडून दिली. दाराशी खुर्ची, तांब्याभांडं आणि खुंटीला एक कोरडा टॉवेल, मुलगी आली की आधी हात-डोकं पुसायला. काकू २०२२ साली गेल्या. मास्तर अजून दिवाळीला सगळ्या मुलींना फराळाला बोलावतात.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये बस बंद होत्या. मुली पास घेऊन चालत गेल्या, चाललेल्या वेळाचेही पैसे दिले. त्या वर्षी हातात काही राहिलं नाही. पण एकही मुलगी सोडून गेली नाही. त्या मुलाचा ब्यूरो त्याच पावसाळ्यात बंद पडला. त्यातल्या चार मुली परत आल्या, त्यांना त्यांच्या जुन्या भागातच घेतलं.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना शक्ती योजनेत सरकारी बस फुकट झाली. लगेच काही घरवाले म्हणाले, आता रस्त्याचे पैसे कशाला? मी प्रत्येकाला सांगितलं, तिकीट फुकट झालंय, तिचा वेळ फुकट झालेला नाही. शिवाय माझ्याकडच्या सात जणी सीमेपलीकडच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या. आधार महाराष्ट्राचं, म्हणून कंडक्टर त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेतो. त्याच बाकावर शेजारी बसलेलीला झिरो तिकीट. त्यांचं भाडं आम्ही भरतो. सीमेवर धंदा करायचा तर अशा गोष्टी आपल्यालाच निस्तराव्या लागतात. तसंच भाषेचं. नव्या मुलीला पहिल्या दिवशी नीरु, नोवु, ऊटा हे तीन शब्द आधी शिकवतो, पाणी, दुखणं, जेवण. कन्नड अज्जीच्या तोंडून नोवु आलं आणि मुलगी नुसती हसली, असं होता कामा नये.

या धंद्यात नवं कुणी येत असेल तर ऐकावं. वही कुलपात ठेवा, आणि मोबाइलमध्ये असेल तर एकाच्याच हातात. पगार पाच तारखेला, केसवाल्यांचे पैसे आले नसले तरी. संध्याकाळी सहानंतर शहराबाहेरच्या सांबऱ्याकडची व्हिजिट लावू नका, परतीची बस चुकली तर ती जबाबदारी तुमची. आणि नवी केस घ्यायच्या आधी स्वतः एकदा त्या घरापर्यंत बसनं जाऊन या, स्कूटरवरून नको. घरवाल्यांनाही सांगते, मुलगी आली की पाणी द्या आणि संडास कुठे आहे ते न विचारता दाखवा.

आज एकतीस मुली आहेत. आक्का आता व्हिजिटला जात नाहीत, पण पिशव्या अजून त्याच भरतात. गेल्या महिन्यात खानापुरातून दोन केस आल्या, एक गावात आणि एक नंदगडला. गावातली घेतली. नंदगडची अजून घेतलेली नाही. खानापूर स्टँडवरून उतरवून आणलेल्या बसच्या वेळा समोर आहेत. सकाळची बस धरली तर मुलीला मध्ये दीड तास बसावं लागतं. तिथंच जवळपास दुसरं एखादं घर मिळतंय का, ते आक्का विचारतायत.