आरपार दिसणाऱ्या वस्तूंचे इंग्रजी शब्द : जून महिन्याची नोंद

मे महिन्याच्या अखेरीस माझ्या खोक्यात अशा शब्दांची 41 कार्डे होती. जूनमध्ये 11 नवी कार्डे लिहून झाली आणि तीन बाद करावी लागली, त्यामुळे आजचा आकडा 49 आहे. संख्येच्या दृष्टीने हा महिना संथ गेला. परंतु आधी लिहिलेली कार्डे पुन्हा बाहेर काढून त्यांची मांडणी मुळापासून बदलण्याचे काम याच महिन्यात झाले, आणि माझ्या मते ते नव्या कार्डांपेक्षा महत्त्वाचे आहे.

आजवर मी कार्डे वर्णानुक्रमे ठेवत होतो. अडचण अशी की, ट्रान्सपरंट, डायाफनस, पेल्यूसिड आणि लिम्पिड या चारही शब्दांपुढे मी एकच मराठी अर्थ लिहिला होता : पारदर्शक. असे कार्ड शब्दाची ओळख करून देत नाही, केवळ त्याची हजेरी लावते. म्हणून प्रत्येक शब्दाचे मूळ पाहायला बसलो. ट्रान्सपरंटमध्ये लॅटिनचा ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘पारेरे’ म्हणजे दिसणे, प्रकट होणे. डायाफनसमध्ये ग्रीकचा ‘डिआ’ म्हणजे मधून आणि ‘फाइनेन’ म्हणजे दाखवणे. दोन्ही शब्दांची घडण सारखीच आहे, तरीही आजच्या इंग्रजीत काच ट्रान्सपरंट असते आणि तलम ओढणी, विरळ धुके किंवा चतुराचे पंख डायाफनस असतात. आपल्या ‘झिरझिरीत’ या शब्दात कापडाचा जो पातळपणा आहे, तो डायाफनसमध्ये आहे, ट्रान्सपरंटमध्ये नाही. ते कार्ड मी लगेच बदलले.

ट्रान्सल्यूसंट आणि पेल्यूसिड या शब्दांत मात्र दिसणे नाही, उजेड आहे. दोन्हींच्या पोटात ‘लूकेरे’ म्हणजे प्रकाशणे हे लॅटिन क्रियापद असून संस्कृतातील ‘रुच्’ हा धातू त्याचाच दूरचा नातेवाईक आहे. आपले ‘रुचणे’ याच धातूपासून आले. पेल्यूसिडमधील ‘पेल’ने मला दोन संध्याकाळी अडवून धरले होते. तो मुळात ‘पेर’ म्हणजे ‘मधून’ हा उपसर्ग आहे आणि पुढे ‘ल’ आल्यामुळे त्याच्या ‘र’चाही ‘ल’ झाला आहे. तत् अधिक लीन म्हणजे तल्लीन, उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, हे शाळेत पाठ केलेल्या माणसाला याहून सोपा खुलासा कोणता हवा? आता तो शब्द मी विसरणे शक्य नाही.

मुळावरून अर्थ ठरवण्याचा मोह येथेच आवरावा लागतो. उजेडाचेच मूळ असूनही पेल्यूसिड हा तळ स्पष्ट दिसणाऱ्या पाण्यासाठी वापरतात, आणि त्याला मराठीत ‘नितळ’ हाच शब्द शोभतो. ट्रान्सल्यूसंटचा आजचा अर्थ वेगळा आहे : उजेड येतो, पण पलीकडची वस्तू स्पष्ट दिसत नाही. सतराव्या शतकातील इंग्रजीत मात्र स्वच्छ पाण्यालाही ट्रान्सल्यूसंट म्हणत असत. याचा अर्थ असा की, ही विभागणी मुळाने केलेली नसून ती वापराने हळूहळू झालेली आहे.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा पुरेसा आहे. मी तो छापील मजकुरावर सपाट ठेवला, तेव्हा प्रत्येक अक्षर, अगदी अनुस्वारसुद्धा, वाचता आला. मग कागद बोटभर वर उचलला. ओळी पुसट झाल्या, त्यांचे करडे पट्टे उरले आणि आणखी थोडे वर नेताच तेही विरघळले. कागदातून येणारा उजेड जवळजवळ तेवढाच होता, परंतु तो वाटेत विखुरला जात होता. काचेचा तुकडा कितीही वर उचलला, तरी अक्षरे जागेवरच राहतात. भज्यांच्या तेलाने भिजलेला वर्तमानपत्राचा कागद उजेडाकडे धरला की अलीकडून पलीकडची छपाई दिसू लागते, तेही याच कारणाच्या उलट बाजूने घडते : कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा तेल घेते, तेल आणि तंतू यांच्यातून जाताना प्रकाश फारसा वळत नाही, आणि म्हणून विखुरणे कमी होते. दोन्ही निरीक्षणे मी ट्रान्सल्यूसंटच्या कार्डामागे लिहून ठेवली आहेत. कोशातील व्याख्येपेक्षा ती मला अधिक उपयोगी पडतील, याची खात्री आहे.

त्याच कार्डाला जोडून या महिन्यातले माझे सर्वांत आवडते कार्ड तयार झाले. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांच्या लाकडी चौकटींत काचेऐवजी शिंपल्यांचे चपटे, पातळ, पांढुरके चौकोन बसवलेले आढळतात. ज्या प्राण्याचा हा शिंपला, त्याला इंग्रजीत विंडोपेन ऑइस्टर, म्हणजे खिडकीच्या काचेचा कालव, असे नावच आहे. त्याचे शास्त्रीय नाव प्लाकूना प्लासेंटा असून त्यातील प्लासेंटाचा लॅटिन अर्थ चपटी भाकरीसारखी पोळी असा होतो. दुपारच्या उन्हाचा मऊ, दुधी उजेड या शिंपल्यांतून खोलीत उतरतो, परंतु अंगणात कोण आले ते खिडकी उघडल्याशिवाय कळत नाही. ट्रान्सल्यूसंट या शब्दासाठी याहून चांगले उदाहरण मला अजून मिळालेले नाही.

खिडकीवरून आणखी दोन कार्डे निघाली. ‘विंडो’ हा शब्द इंग्रजीने स्कँडिनेव्हियातील प्राचीन नॉर्स भाषेतून घेतला आणि त्याचा मूळ अर्थ आहे वाऱ्याचा डोळा. ही खिडकी काचेच्या आधीची, वारा आत घेणारी, नुसते भोक असलेली खिडकी होती. संस्कृतात खिडकीला वातायन आणि गवाक्ष असे दोन शब्द आहेत; एकात वारा आहे आणि दुसऱ्यात डोळा आहे. नॉर्स लोकांनी दोन्ही एकाच शब्दात बसवले, याचा मला मनापासून आनंद झाला. विंडोपेनमधील ‘पेन’ हा तर लॅटिन ‘पान्नुस’ म्हणजे कापडाचा तुकडा या शब्दापासून आलेला आहे. आज ज्याला आपण काच समजतो, त्याच्या नावात अजून कापडच आहे. ‘लेन्स’ म्हणजे मसूर, हे बहुतेकांना माहीत असते. भिंगाच्या दोन्ही बाजूंच्या फुगीरपणावरून ते नाव पडले.

आता बाद केलेल्या कार्डांविषयी. त्यांपैकी दोन दुबार लिहिलेली होती, त्यांचे काही नाही. तिसऱ्याची चूक मात्र माझी होती आणि ती सांगायला हवी. कंदिलाला इंग्रजीत लॅन्टर्न म्हणतात आणि जुन्या लेखनात तो ‘लॅन्टहॉर्न’ असाही लिहिलेला आढळतो. कंदिलाच्या बाजूंना पूर्वी शिंगाचे पातळ तासलेले पत्रे बसवत असत, कारण त्यांतून उजेड बाहेर पडतो, आणि इंग्रजीत शिंगाला हॉर्न म्हणतात. हे वाचताच मी शिंग हेच या शब्दाचे मूळ असे उत्साहाने लिहून टाकले. प्रत्यक्षात हा शब्द लॅटिन ‘लान्तेर्ना’वरून आला, तोही ग्रीकमधून, आणि शिंगाशी त्याचा जन्माने काहीही संबंध नाही. लोकांनी समोर दिसणारे शिंग पाहून शब्दाचे लेखन बदलले. जुने कार्ड फाडून मी नवे लिहिले आहे आणि ते ‘लोकांनी जुळवलेल्या व्युत्पत्ती’ या वेगळ्या कप्प्यात ठेवले आहे. तूर्त त्या कप्प्यात ते एकटेच आहे.

तो कप्पा सोडला, तर नव्या मांडणीत आता तीन कप्पे आहेत : ज्यांतून वस्तू दिसते ते शब्द, ज्यांतून केवळ उजेड येतो ते शब्द, आणि ज्यांच्या नावात काचेच्या आधीचा पदार्थ शिल्लक राहिला आहे ते शब्द. तिसरा कप्पा सर्वांत झपाट्याने भरत आहे. ‘क्रिस्टल’ तेथेच गेला, कारण ग्रीकमध्ये त्याचा अर्थ बर्फ असा होता आणि स्फटिक म्हणजे पुन्हा न वितळण्याइतके घट्ट गोठलेले पाणी, अशी प्राचीनांची समजूत होती. जुलैमध्ये अभ्रकाचे कार्ड घेणार आहे. शेगडीच्या दारातील अभ्रकाच्या पापुद्र्याला इंग्रजीत आयझिंग्लास म्हणत, आणि तो शब्द मुळात स्टर्जन माशाच्या पोटातील हवेच्या फुग्याचा आहे. आपल्या ‘अभ्रक’ शब्दात मात्र अभ्र म्हणजे ढग आहे. पापुद्र्याचा एक तुकडा जुन्या इस्त्रीतून काढून टेबलावर ठेवला आहे.