फोकस कुठे पडतोय?

गाडी गॅरेजमध्ये आत घेतानाच तिचं नाक वर उचललेलं दिसलं. मालकाने दगडधोंड्यांतून चालवायला म्हणून पुढच्या स्प्रिंगांवर गाडी उंच करणारे ठोकळे, म्हणजे स्पेसर, घातले होते, मोठे टायर चढवले होते आणि सात इंची गोल एलईडी हेडलाइटही कुठूनतरी बसवून आणले होते. तक्रार अशी : "समोरून येणारा प्रत्येक जण मला अप्पर मारतो आणि मला मात्र रस्त्याची डावी कड दिसत नाही. याहून पॉवरफुल काही आहे का?"

पॉवरफुल हा शब्द या धंद्यात रोज कानावर पडतो. म्हटलं, आहे तो उजेड आधी कुठे पडतोय ते तर पाहू.

भिंतीसमोर गाडी लावण्याआधी टायरची हवा बघितली. ऑफ-रोडवाल्यांची ही खोड असते. वाळूत हवा कमी करतात आणि परतताना भरायचं राहून जातं. मागच्या एका टायरमध्ये कमी निघालीच. डिकीतले अवजारांचे ड्रॉवर, जादा डिझेलचे कॅन मुद्दाम जागेवरच ठेवले आणि मालकाला स्टिअरिंगमागे बसवलं. रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग भरल्या गाडीला लागू पडत नाही. मागे वजन आलं की पुढचं तोंड वर जातं.

सपाट फरशी, भिंतीपासून 10 मीटर. लाइटचा मध्य जमिनीपासून 112 सेंटिमीटर भरला. त्याच उंचीवर भिंतीला आडवी टेप लावली, दोन्ही लाइटच्या समोर एकेक उभी. एका लाइटवर जाड फडकं टाकून दुसऱ्याचा डिपर, म्हणजे जवळचा खालचा झोत, लावला. उजेड आणि अंधार यांच्या मधली रेष टेपच्या खाली असायला हवी. ती टेपच्या पाच सेंटिमीटर वर होती. डिपरवरच गाडी आभाळ दाखवत होती.

हिशेब सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे 260 सेंटिमीटर. नाक 4 सेंटिमीटर वर गेलं की गाडी दीड टक्क्याने कलते. कंपनीतून फोकस एक टक्का खाली लावलेला असतो, म्हणजे 10 मीटरवर 10 सेंटिमीटर. त्यातून दीड टक्का वजा केला की अर्धा टक्का वर. भिंतीवरचे पाच सेंटिमीटर ते हेच. हे स्पेसरचं लिफ्ट किट घातलं त्या दिवशी कुणीतरी दोन स्क्रू फिरवायला हवे होते, पण सस्पेन्शनवाला म्हणतो ते लाइटवाल्याचं काम आणि लाइटवाला स्पेसरकडे बघतच नाही.

स्क्रू फिरवून रेष खाली आणली आणि तेव्हा खरी गोम दिसली. डिपरची रेष सरळ नसते, एका बाजूला ती वर चढते. आपण डावीकडून गाडी चालवतो, तेव्हा ती डावीकडे चढली पाहिजे. कडेचा माणूस, खांब, मैलाचा दगड दिसावा म्हणूनच तो चढ असतो. या लाइटची रेष उजवीकडे चढत होती, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. काचेवर खुणा शोधल्या. ई-मार्कच्या, म्हणजे यूएनच्या नियमांनुसार मंजूर झालेल्या, लाइटमध्ये डावीकडच्या वाहतुकीसाठी बनवलेल्या काचेवर बाण असतो. लाइटसमोर उभं राहिलं की तो आपल्या उजव्या हाताकडे दाखवतो. बाणच नसेल तर माल उजवीकडून चालणाऱ्या देशांचा. इथे बाण नव्हता. यावर स्क्रूचा इलाज नाही. खाली करत गेलात तर समोरच्याला त्रास कमी होईल इतकंच; डावी कड अंधारातच राहणार.

"जुने लाइट कुठे आहेत?"

"डिकीत पडलेत. पण त्या मेणबत्त्या आहेत हो."

त्या मेणबत्त्या काढून पाहिल्या. रिफ्लेक्टर स्वच्छ, काच साफ, एच-4 हॅलोजन बल्ब 60/55 वॅटचे, धडधाकट. एक तात्पुरता जोडला, इंजिन चालू करून मीटर लावलं. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर 10.9. जवळजवळ तीन व्होल्ट बारीक वायरीत आणि स्विचच्या काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टमध्ये मुरत होते. हॅलोजनचं गणित निर्दय असतं : व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. इथे तर वीस टक्क्यांच्या वर घट होती, म्हणजे निम्माच उजेड. एलईडीच्या आतला ड्रायव्हर हा फरक झाकून घेतो, म्हणून नवे लाइट मालकाला इतके भारी वाटले.

मग रिले टाकले, म्हणजे थोड्या करंटवर ओढले जाऊन बल्बचा मोठा करंट जोडणारे स्विच. होल्डरच्या तीन पिना टेस्ट लॅम्पने तपासल्या, कारण काही गाड्यांत कॉमन पिन अर्थ नसून पॉझिटिव्ह असते आणि स्विच अर्थ तोडतो. इथे अर्थच निघाली. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीलगतच फ्यूज, तिथून रिलेच्या 30 नंबरला. 87 वरून बल्बला. जुनी वायर आता फक्त 85-86 वरची कॉइल ओढण्यापुरती. अर्थची वायरही जाड घेतली. ती बारीक ठेवून बाकी सगळं मोठं करणारे महाभाग मी पाहिलेत. होल्डरवर पुन्हा मीटर : 13.3 व्होल्ट.

जुने लाइट परत बसवून फोकस लावताना रेष टेपच्या 17 सेंटिमीटर खाली ठेवली. लाइट एक मीटरपेक्षा उंच असेल तर यूएनचा आर-48 नियम दीड ते दोन टक्के खाली लावायला सांगतो. अशी रेष सपाट रस्त्यावर 65 मीटरच्या आसपास जमिनीला टेकते. त्याहून वर ठेवली तर पुढच्या छोट्या कारचा आरसा पेटतो.

अंधार पडल्यावर मी माझ्या बुटक्या कारमध्ये बसलो आणि त्याला समोरून यायला सांगितलं. उजेड माझ्या बंपरवर थांबला, काचेवर आला नाही. मग तो एकटाच लांब चक्कर मारून आला. डावीकडची पांढरी पट्टी लांबवर दिसते म्हणाला आणि लगेच विचारलं, "मग ते एलईडी टपावर लावू का?"

"रस्त्यावर झाकून ठेवणार असाल तर लावा," मी म्हटलं. फोकसच्या स्क्रूवर रंगाचा ठिपका दिला आणि बजावलं, डिकीतले ड्रॉवर काढलेत तर फोकस परत लावून घ्या. ड्रॉवर काही तो काढायचा नाही.