पुराच्या पोस्ट जपताना

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, वीज गेली आणि पुढे मोबाइलही मुके झाले. तोपर्यंत लोकांनी फेसबुकवर जे लिहिले आणि त्यानंतर मुंबई-पुण्यातल्या नातलगांनी आपल्या अडकलेल्या माणसांसाठी जे लिहिले, ते मी गेली काही वर्षे जमवत आहे. त्या पुरात गावातले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही बुडाले. तिथली भिजलेली पुस्तके पाहिल्यावर कागद किती नाजूक असतो हे नव्याने कळले; पडद्यावरचा मजकूर त्याहूनही नाजूक असतो, हे मात्र मला निसर्ग वादळाने आधीच शिकवले होते. ते वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्याला धडकले आणि २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली. उडालेल्या कौलांचे आणि आडव्या झालेल्या पोफळीच्या बागांचे जे व्हिडिओ कोणी तिथे ठेवले असतील, ते महिन्याच्या आत इथल्या माणसांना दिसेनासे झाले.

म्हणून सुरुवातीला मी हाताला लागेल ते साठवत गेलो. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, हे लवकरच लक्षात आले. पोस्टचा दुवा, तारीख, वेळ आणि खालच्या प्रतिक्रिया सोबत नसतील, तर ते चित्र कुठले आणि कधीचे हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही. पुढे मी वेबपाने वार्क या स्वरूपात, म्हणजे दुवा आणि तारीख-वेळेसह जशीच्या तशी, जतन करू लागलो आणि फाइल मागाहून बदललेली नाही हे पडताळता यावे म्हणून प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, वहीत टिपून ठेवू लागलो. हा भाग कष्टाचा असला तरी सोपा आहे.

अवघड भाग एका फोनने समोर आणला. मुंबईतल्या एका गृहस्थांनी पोस्ट टाकली होती की, आमची आई पोटमाळ्यावर अडकली आहे, कोणी होडी घेऊन जाणार असेल तर वहिनीला या नंबरवर फोन करा. सोबत आईंचा फोटो होता. पोस्ट सर्वांसाठी खुली होती. वर्षभराने परवानगी विचारण्यासाठी मी त्याच नंबरवर फोन केला, तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "हा नंबर तुम्हाला कोणी दिला?" मला उत्तर सुचले नाही. तो नंबर होडीवाल्यासाठी होता, माझ्यासाठी नव्हता. आणि ज्यांचा होता, त्यांनी तो स्वतः जाहीरही केलेला नव्हता, दिरांनी केला होता. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसाने स्वतःच जाहीर केलेली स्वतःची माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवतो, संशोधन आणि अभिलेख जतनालाही काही अटींवर सूट देतो; परंतु कायद्याने सूट दिली म्हणून त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळते, असे मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मारला गेल्यावर २०१४ मध्ये जे आंदोलन उसळले, त्यानंतर तिथे सुरू झालेल्या 'डॉक्युमेंटिंग द नाऊ' या प्रकल्पाने या पेचातून एक वाट काढली होती. संशोधकांनी एकमेकांना ट्वीटचा मजकूर न देता केवळ त्याचा क्रमांक द्यायचा; लिहिणाऱ्याने ट्वीट पुसले, की त्या क्रमांकावर काही मिळत नाही. पुसण्याचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो, म्हणून मला ही रीत आवडते. पण २०२३ मध्ये ट्विटरने तो मजकूर मिळवण्याची मोफत सोय बंद केली आणि अनेकांच्या हाती नुसत्या क्रमांकांच्या याद्या उरल्या. किल्ली आहे, कुलूपही आहे, घर मात्र दुसऱ्याचे. त्यामुळे मजकूर मी माझ्याकडेच ठेवतो. अभ्यासकाला दाखवण्याच्या प्रतीतून नंबर, पत्ते आणि चेहरे काढतो, आणि कोणी काढून टाकायला सांगितले तर कारण न विचारता काढतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या वाडीतल्या ग्रुपवरचे काहीही घेत नाही, मग ते कितीही मोलाचे असो. (ते कोणी आग्रहाने पाठवले, तर माझी बोटे शिवशिवतात, हे कबूल करतो.)

त्या बाईंनी शेवटी मजकूर ठेवायला होकार दिला, फोटोला नाही. नंबर मी त्याच दिवशी पुसला. त्यांच्या सासूबाईंकडे मोबाइल नसल्यामुळे ज्यांच्यासाठी ती पोस्ट लिहिली होती, त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. गेल्या गणपतीत मी छापील प्रत घेऊन गेलो. आजींनी ती सुनेकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "पोटमाळा खंयचा? माडी आहे आमची." मूळ मजकुराला हात न लावता ती दुरुस्ती मी त्याच्या शेजारी, तारीख घालून नोंदवली आहे.