हॉर्न न वाजवता पुण्यात गाडी चालते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या गाडीत शेजारी बसलेला माणूस अलका टॉकीजचा चौक ओलांडेपर्यंत कसाबसा दम धरतो. मग विचारतोच, "तुमचा हॉर्न बिघडलाय का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग पुण्यात गाडी चालवता तरी कशी?

ब्रेकने.

हॉर्न मारावासा वाटतो त्याच क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की दहातल्या नऊ वेळा हॉर्नचं काम उरत नाही. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दाबून सुसाट बाहेर येणारा काय सांगत असतो? "मी थांबणार नाही, तुझं तू बघ." मी थांबतो, एवढाच फरक. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो. त्या अंतरात लगेच दोन स्कूटर घुसतात. घुसू देत. त्यामुळे कोथरूडहून स्टेशनला पोचायला जो उशीर होतो, तो एका सिग्नलपेक्षा जास्त नसतो.

सिग्नलचं मात्र मला आजवर कळलेलं नाही. उलटे आकडे दाखवणाऱ्या सिग्नलला पाच उरले की मागून कोरस सुरू होतो, जणू पुढच्यांना मोजता येत नाही. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी यावर झकास तोड काढली होती. काही सिग्नलांना डेसिबल मोजणारं यंत्र जोडलं. हॉर्नचा गोंगाट 85 च्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. त्याची चित्रफीत 2020 च्या जानेवारीअखेर आली आणि देशभर फिरली. गप्प बसलेल्यांनाही थांबावं लागतं हा अन्याय खरा, पण मला त्यातलं तेच आवडलं. हॉर्न दाबणाऱ्याकडे आजूबाजूचे सगळे रागाने बघतात. हजार रुपयांच्या दंडाने हे होत नाही. हो, तो दंडही आहे: 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात विनाकारण हॉर्नला 1000 रुपये, पुन्हा पकडलं तर 2000. त्याची पावती फाटताना मी तरी कोणाला पाहिलेलं नाही.

काचा वर, एसी चालू, गाणी चालू, अशा गाडीत बसून हॉर्न दाबणाऱ्याला त्याचा त्रास नाहीच. तो जातो चौकातल्या पोलिसाच्या आणि फुगे विकणाऱ्या बाईच्या कानात, दिवसभर. निवासी भागात नियमाने दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रुग्णालयाभोवतीच्या 100 मीटरमध्ये 50 आणि 40. जवळून वाजलेला हॉर्न नव्वदी सहज ओलांडतो. आता 55 आणि 95 मध्ये फरक चाळीसचाच दिसतो, पण डेसिबल दहाने वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे चाळीसने दहा हजारपट.

आणि पहाटे सहाला सोसायटीत कोणाच्या तरी गाडीचं रिव्हर्सचं गाणं वाजतं, त्याचा हिशेब वेगळाच. असो.

मी अजिबात वाजवत नाही असं नाही. ताम्हिणीत पुढचं दिसत नाही अशा वळणावर वाजवतो, लांबून, एकदा. मागे न बघता रिव्हर्स येणाऱ्या टेम्पोलाही वाजवतो. रात्री डिपर पुरतो. 2015 मध्ये राज्याने मालवाहू गाड्यांच्या पाठीवरच्या "हॉर्न ओके प्लीज"ला मनाई केली, तरी ते आमंत्रण अजून दिसतं. मी ते स्वीकारत नाही, इतकंच.

तुम्हाला करून बघायचं असेल तर फक्त सिग्नलपासून सुरू करा. दुचाकीवर असाल तर थांबल्यावर अंगठा बटणावरून काढून मुठीखाली घ्या. तो सवयीनेच जात असतो. मागून वाजेलच. आरशात बघा. रुग्णवाहिका असेल तर बाजूला व्हा, नसेल तर हिरवा होईपर्यंत थांबा.