कफर्णहूमची काळी भिंत

इस्राएलातल्या मग्दालाहून कफर्णहूमला गालील समुद्राच्या काठाकाठाने दहा-अकरा किलोमीटर चालावे लागते. बसने गेल्यास हाच पल्ला काही मिनिटांत संपतो. नासरेथपासून कफर्णहूमपर्यंत सुमारे 65 किलोमीटरची पायवाट आहे आणि अनेक यात्रेकरू ती चार दिवसांत पूर्ण करतात, परंतु आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या गटात सत्तरी ओलांडलेले दोघे असल्यामुळे आम्ही तिचा शेवटचा भाग तेवढा पायी जाण्याचे ठरवले. मार्च महिना असूनही सकाळी नऊलाच घाम येऊ लागला, कारण समुद्र म्हटले जाणारे हे गोड्या पाण्याचे सरोवर सागरपातळीपेक्षा 200 मीटरहून अधिक खोल आहे. गिनोसारजवळ केळीच्या बागा लागल्या. याच किनाऱ्यावर 1986 साली, दुष्काळाने पाणी मागे हटले असता, चिखलात रुतलेली पहिल्या शतकाच्या सुमाराची लाकडी होडी सापडली होती.

ताब्घा येथे पाण्याला लागून एक लहानसे चर्च आहे. पुनरुत्थानानंतर प्रभू येशूने शिष्यांना कोळशावर भाजलेली मासळी खाऊ घातली ती हीच जागा, अशी परंपरा आहे. सध्याची इमारत 1933 सालची असून ती काळ्या दगडाची आहे. भिंतीवर हात ठेवला आणि मी थबकलो. तो आमच्याकडचाच दगड होता, ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेला काळा पाषाण, ज्याच्या आमच्या गावच्या विहिरी, वेशी आणि जुनी घरे आहेत. पवित्र भूमीची कल्पना करताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी पिवळसर वाळूच असायची; अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माझ्या गावासारखे काही तिथे भेटेल, असे मनातही आले नव्हते.

कफर्णहूमला पोहोचल्यावर बहुतेकांची पावले सभास्थानाकडे, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहाकडे, वळतात आणि ते योग्यच आहे. चौथ्या-पाचव्या शतकातले ते पांढऱ्या चुनखडीचे बांधकाम खाली काळ्या दगडाच्या भिंतींवर उभे आहे. मी मात्र अधिक वेळ घालवला तो त्याच्या दक्षिणेकडच्या घरांपाशी. फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाच्या बंधूंनी 1894 मध्ये ही जागा विकत घेतली आणि 1968 पासून झालेल्या उत्खननात तिथे दाटीवाटीची वस्ती उघडी पडली. त्यांपैकी एक घर येशूचा शिष्य पेत्र याचे मानले जाते. त्याच्या एका खोलीच्या भिंतींना पहिल्या शतकातच गिलावा केलेला होता, पुढे भाविकांनी त्या गिलाव्यावर प्रार्थना कोरल्या, आणि पाचव्या शतकात त्या खोलीभोवती अष्टकोनी चर्च उभे राहिले. आज त्यावर 1990 साली बांधलेले चर्च आहे आणि त्याच्या मधोमध बसवलेल्या काचेतून खालची खोली दिसते.

मी बाहेरच्या एका भिंतीजवळ बसलो. न घडवलेले दगड एकावर एक रचलेले आणि फटींत लहान चिपा ठोकलेल्या. अशा भिंतीला जड छप्पर पेलवत नाही, म्हणून वर तुळया, काटक्या आणि मातीचा थर असे. म्हणजे आमचे माळवदच! मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती मनुष्याला घेऊन येतात आणि गर्दीमुळे आत जाता येईना तेव्हा छप्पर उसवून त्याची बाज खाली सोडतात, हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. स्लॅबच्या घरात वाढणाऱ्या मुलांना तो चमत्कारिक वाटत असेल. आम्हाला वाटत नसे, कारण माळवद उसवता येते हे आम्ही पाहिले होते.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा दर रविवारी आम्ही चौघे त्यांना बाजेसकट उचलून उपासनेला नेत असू. सहा वर्षे नेले. ते बरे झाले नाहीत. या अध्यायाशी माझे तेव्हापासून भांडण होते, हे मी कोणापुढे कधी बोललो नव्हतो. त्या भिंतीपाशी मी तो अध्याय पुन्हा उघडला आणि येशूचा पहिला शब्द 'ऊठ' हा नसून 'मुला' हा आहे, हे मला प्रथमच नीट दिसले. तो क्षमेचे बोलतो, चालण्याचे नंतर. आणि तेही एकट्या रोग्याचा नव्हे, तर त्यांचा, म्हणजे वाहून आणणाऱ्यांचाही, विश्वास पाहून. वडील शेवटच्या वर्षात एका प्रार्थनेनंतर का रडले होते आणि रडून इतके शांत कसे झाले होते, हे तेव्हा मी विचारले नाही. त्यांनाही कोणी 'मुला' म्हटले असेल काय, हा विचार तिथे बसून मी बराच वेळ केला आणि जमेल तशी प्रार्थना केली.

संध्याकाळी गावी फोन लावला. आईला भिंतीचे, चिपांचे, छपराचे सगळे सांगितले. ती गप्प राहून ऐकत होती. दर मृगाआधी पांढरी माती टाकून माळवद चोपण्यात तिची निम्मी हयात गेली आहे.

"मग ते उसवलेलं माळवद पुन्हा घातलं कोणी?" तिने विचारले.

तसे कुठे लिहिलेले नाही, असे मी म्हणालो.

"त्या चौघांनीच घातलं असणार," आई म्हणाली, "आणि बरा झालेला तो, त्यानं माती वाहिली असंल."