जामीनदाराचा रकाना

"सर, आमच्या अख्ख्या नात्यात सरकारी नोकरीत कुणीच नाही, मग जामीनदार आणायचा कुठून?" साताऱ्याच्या सदर बझारात आज दुपारी एका वेल्डरच्या मुलाने मला हे विचारले, तेव्हा त्याच्या हातात अल्पसंख्याकांसाठीच्या एका कर्जयोजनेचा पूर्ण भरलेला अर्ज होता, केवळ जामीनदाराचा रकाना कोरा होता.

मला तो रकाना दिवसभर अस्वस्थ करत राहिला. ज्याच्या ओळखीत सरकारी नोकरदार किंवा मालमत्ताधारक आहे, त्याची निकड तुलनेने कमीच असते. ज्याला तसे कुणीही नाही, त्याच्यासाठीच तर अशा योजना आखल्या जातात. २००१ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या मुस्लिमांचे भारतीय प्रशासकीय सेवेतील प्रमाण अवघे ३ टक्के असल्याचे मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते.

याच साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले, आणि १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. समाजाची मदत आणि मुलांचे स्वतःचे श्रम यांवर ते उभे राहिले. कष्टाची तयारी हीच तिथल्या मुलाची पत होती.

सरकारी निधीची जागा खासगी मदत घेऊ शकत नाही, हे मी जाणतो. त्या मुलाच्या अर्जावर मी सही करणार आहे. परंतु साताऱ्यातील निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि व्यापारी यांनी एकत्र येऊन अशा तरुणांसाठी जामीनदारांची एक यादी तयार केली, तर आपल्यापैकी कोण कोण त्यात नाव देईल?